लोणारचा सूर्योदय सूर्याकडे पाठ करून पाहायचा

तळ्याकाठचा सूर्योदय म्हटलं की एक ठरावीक फोटो आपल्या डोळ्यांपुढे येतो. समोर केशरी गोळा, पाण्यात त्याची लांब सोनेरी पट्टी, कडेला एखादी होडी. लोणारला यातलं काहीच मिळत नाही, आणि तरीही महाराष्ट्रातल्या कुठल्याही तळ्यापेक्षा मला पहाटे तिथंच उभं राहायला आवडतं.

कारण हे तळं जमिनीच्या पातळीवर नाहीच. अशनी आदळून काळ्या बसाल्टमध्ये जवळजवळ दोन किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला, त्याच्या तळाशी हे पाणी आहे, कड्यापासून साधारण 140 मीटर खाली. त्यामुळे वर गावात ऊन पडलं तरी पाणी अजून सावलीतच असतं. ऊन आधी समोरच्या कड्याच्या माथ्याला लागतं आणि तिथून उतारावरून सावकाश खाली येतं. फोटो काढायचा तो या उतरत्या उन्हाचा.

आम्ही जानेवारीत गेलो होतो. जालन्याहून सिंदखेडराजामार्गे संध्याकाळी लोणारला पोचलो. जिजाऊंचं जन्मस्थान वाटेवरच असल्याने तिथं थांबणं झालंच. गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर दिवस मावळायच्या आत पाहून घेतलं. विष्णूने लवणासुराला मारलं ती कथा याच गावाची, आणि मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम तिरप्या उन्हात इतकं उठून दिसतं की त्यासाठी वेगळी संध्याकाळ काढावी.

पहाटे निघालो ते धारेकडे. विवराच्या ईशान्येला, गावाच्या अंगाला, कड्यावरच गोमुखातून बारमाही पाणी पडतं, त्यालाच इथले लोक धार म्हणतात. अंधारातही तिथं आंघोळीची गर्दी होती. पायऱ्यांवर ओले कपडे पिळत बसलेल्या एका आजोबांनी ट्रायपॉडकडे पाहून विचारलं, "सूर्य पाहायला आलात का भाऊ?" मी हो म्हटलं. "मग तिकडं काय पाहता? पलीकडचा काठ बघा. ऊन तिथं पडतंय आधी." रोज सकाळी तेच बघणाऱ्या माणसाने एका वाक्यात सगळं सांगून टाकलं.

धारेजवळच्या कड्यावरून नजर नैऋत्येला जाते. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून उगवतो, म्हणजे तो आपल्या डाव्या हाताला, थोडा पाठीमागे. लॅंडस्केपसाठी याहून चांगला कोन नाही, कारण ऊन आडवं पडतं आणि उतारावरची प्रत्येक घळ, प्रत्येक झाड आपापल्या सावलीसह उभं राहतं. पोलरायझर फिल्टरही याच कोनात सगळ्यात जास्त काम करतो. पाण्यावरची चकाकी कमी झाली की खालचा हिरवा रंग दिसायला लागतो.

सातच्या सुमारास उजवीकडच्या कड्याच्या माथ्यावर एक बारीक तांबूस रेघ उमटली. मी सत्तर-दोनशेची, दूरचं जवळ आणणारी लेन्स लावून त्या रेघेवरच थांबलो. ती खाली सरकताना नुसत्या डोळ्यांना कळत नाही, पण एकाच झाडावर नजर ठेवली की कळते. उतारावर एक साग होता, हिवाळ्याने वाळलेली मोठाली पानं अजून अंगावर असलेला. आधी त्याचा शेंडा तांब्यासारखा पेटला, मग मधल्या फांद्या, मग बुंधा. तेवढ्यात त्याच्या खालच्या झुडपांच्या ओळीला ऊन लागलं होतं. बाकी सगळं विवर निळ्या-करड्या सावलीत, आणि खालून मोरांची केकावली सुरू.

पलीकडच्या काठाच्या पाण्याला ऊन लागायला वीस-पंचवीस मिनिटं गेली. तळ्याच्या मध्यापर्यंत यायला पाऊण तास. आग्नेयेचा काठ तर नऊपर्यंत सावलीतच असतो. म्हणजे इतर ठिकाणी लवकर संपणारा सोनेरी प्रहर इथं दीर्घ चालतो. उजवीकडे उजळलेला उतार, डावीकडे गडद सावली आणि मधून तिरकी जाणारी उन्हाची हद्द, ही चौकट तासभर बदलत राहते. सावली आणि उजेडातला फरक फार मोठा असतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, उजेडाच्या बाजूने ठरवावं. सावली काळी राहिली तर राहू द्यावी. ती उजळवून काढलेले फोटो मला खोटे वाटतात, विवराची खोलीच त्यात हरवते.

ऊन पडल्यावर पाणी हिरवं झालं. या पाण्याचा सामू (pH) दहाच्या आसपास आहे. इतक्या अल्कधर्मी पाण्यात मासे नाहीत, पण सूक्ष्म शैवालांची दाटी आहे, रंग त्यांचा. 2020च्या जूनमध्ये हेच तळं गुलाबी झालं होतं. तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने हॅलोआर्किया हे खारात वाढणारे सूक्ष्मजीव त्यामागे असल्याचं दाखवलं. त्याच वर्षी तळं रामसरच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेलं.

नंतर झाडीतल्या पायवाटेने खाली उतरलो. काठावर गंधकाचा उग्र वास येतो, चिखल पांढरट खारवलेला असतो आणि त्यावर शेकाट्या पक्ष्यांच्या पायांचे ठसे. गेल्या काही वर्षांत पाण्याची पातळी वाढत चालली आहे. काठावरच्या जुन्या मंदिरांपर्यंत पाणी पोचतंय हे पाहून जीव तुटतो. काळ्या दगडांचे ते खांब, मागे हिरवं पाणी, हे फोटो ज्याला जमेल त्याने आत्ताच नीट, चारही बाजूंनी काढून ठेवावेत. नुसते सुंदर नकोत, कुठला खांब पाण्यापासून किती दूर होता ते कळेल असे हवेत.

जायचं तर डिसेंबर-जानेवारीतच. मे-जूनमध्ये सूर्य ईशान्येकडून, थेट पाठीमागून येतो आणि समोरचा उतार सपाट दिसतो. कड्यावर थंडी चांगली बोचते, स्वेटर घ्यावा. पाण्याला हात लावू नये आणि काठावरचा दगड उचलून खिशात घालू नये, हे अभयारण्य आहे. नऊ वाजता आवरून वर आलात की धारेपाशी गरम पोहे मिळतात का ते आधी विचारा. आम्हाला बसस्टँडपर्यंत जावं लागलं.