आधी काम बघा, मग ऑपरेटिंग सिस्टिम ठरवा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे नियमित सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून ओळखीतले सगळे एकच विचारतायत, आता नवीन लॅपटॉप घ्यावा लागणार का? कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा लागतो, म्हणजे २०१५-१६ चे धडधाकट लॅपटॉपसुद्धा त्यात बसत नाहीत.

मला मनापासून वाटतं की इतक्यात पैसे घालवू नका. एक कागद घ्या आणि त्यावर लिहा की तुम्ही मशिनवर रोज नक्की काय उघडता. त्या यादीतच उत्तर असतं.

डीटीपीवाल्यांचंच बघा ना, लग्नपत्रिका, बॅनर, हँडबिलं करणाऱ्यांच्या कितीतरी वर्षांच्या फाइल्स कोरलड्रॉ नाहीतर पेजमेकरमध्ये असतात, मजकूर श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या नॉन-युनिकोड (युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत नसलेल्या) फॉन्टमध्ये, आणि तो फॉन्ट मशिनवर नसेल तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं न् चिन्हं दिसतात. सॉफ्टवेअर विंडोजचं, टायपिंगची सवय विंडोजची, अशा माणसाला कोणी लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, आग्रह करू नये, त्याचा धंदा बसेल. टॅली प्राइमवर हिशोब ठेवणाऱ्यांचंही तेच, ते विंडोजवरच चालतं. यांनी विंडोज ११ चालेल असं मशिन घेतलेलं बरं, सेकंडहँड असलं तरी चालेल.

पण घरात फक्त ब्राउझर, यूट्यूब, ईमेल, मुलांचे ऑनलाइन क्लास आणि अधूनमधून एखादा अर्ज टाइप करणं एवढंच असेल तर? तिथे लिनक्सचाच एक प्रकार, लिनक्स मिंट, खरंच छान आहे, फुकट आहे, ४ जीबी रॅमवर चालतं, मशिन फारच जुनं असेल तर त्याची एक्सएफसीई आवृत्ती हलकी पडते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. लिब्रेऑफिस (एमएस ऑफिससारखं सॉफ्टवेअर) आधीपासून टाकलेलं असतं, मराठी युनिकोड नीट दिसतं आणि मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही जोडता येतो. फक्त एमएस ऑफिसची किचकट फाइल उघडली की मांडणी थोडी हलते, हे आधीच सांगतो.

अॅपलच्या मॅकबद्दल थोडक्यात, आयफोनचे अॅप बनवायचेत तर त्यासाठीचं एक्सकोड सॉफ्टवेअर मॅकवरच चालतं, विषय संपला. बाकीच्यांनी बजेट बघावं, आणि २०२० पासूनच्या एम सिरीजच्या (अॅपलच्या स्वतःच्या चिपच्या) मॅकवर बूट कॅम्पने (मॅकवर विंडोज टाकायची अॅपलची सोय) विंडोज टाकता येत नाही हे लक्षात ठेवावं.

मिंट घ्यायचं ठरलं तरी लगेच इन्स्टॉल करू नका, पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा, हार्ड डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, वेबकॅम आणि मुख्य म्हणजे प्रिंटर, सगळं तपासा. पेन ड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो, पण त्यावरचे फोटोबिटो आधी काढून ठेवा, आयएसओ (मिंटची इन्स्टॉल करायची फाइल) चढवताना सगळं पुसलं जातं.