बंड करायचं होतं, जमलं नाही

हेवी मेटल ऐकणारी पोरं बिघडलेली असतात असं १९९१ सालच्या डोंबिवलीत सरसकट मत होतं, आणि आम्हाला नेमकं तेच हवं होतं. दहावी ब मधले आम्ही चार-पाच जण, मराठी मीडियम, डोक्याला चप्प तेल, आणि मनातून मात्र आपण कोणीतरी भयंकर आहोत अशी ठाम समजूत. बंड कशाविरुद्ध ते विचारू नका, ते काही ठरलेलं नव्हतं. शाळा समोर होती म्हणून शाळेविरुद्ध. आणि आपल्या शाळेने त्या बंडाची कशी वाट लावली तेच मला या स्मरणिकेत सांगायचंय, कारण प्रार्थना, संस्कार आणि वंदनीय गुरुजन हे विषय बॅचमधल्या बाकीच्यांनी आधीच लाटलेत.

सुरुवात झाली माझ्या बेंचपार्टनरच्या काकामुळे. काका मर्चंट नेव्हीत, महिनोन् महिने गायब आणि मग एकदम बॅगा घेऊन हजर, त्यात चॉकलेटं, सेंट आणि कॅसेटी. अशाच एका खेपेला आयर्न मेडनची 'पॉवरस्लेव्ह' आली. अल्बम १९८४ चा, आमच्यापर्यंत पोचायला सात वर्षं लागली, पण आमच्यासाठी तो कालच निघाला होता. कव्हरवर इजिप्तचं भलंमोठं मंदिर, मागे पिरॅमिड आणि मधोमध फॅरो होऊन बसलेला एडी. एडी म्हणजे या बँडचं भूत, प्रत्येक कव्हरवर नव्या अवतारात येणारं, डेरेक रिग्ज नावाच्या चित्रकाराने काढलेलं. आम्ही आधी कॅसेट लावलीच नाही, कितीतरी वेळ ते कव्हरच फिरवून फिरवून बघत होतो.

ओरिजिनल कॅसेट घराबाहेर न्यायची नाही असा काकाचा कायदा. मग त्याच्याच डबल डेकवर कॉपी मारायची, टीडीकेच्या डी-९० वर. आता बघा, नव्वदच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची आणि हा अल्बम साधारण एकावन्न मिनिटांचा, आणि शेवटचं गाणं एकटंच पावणेचौदा मिनिटांचं. त्यामुळे एका बाजूवर भरायला गेलं की ते गाणं बरोब्बर मध्यात तुटायचं, जिथे सगळी वाद्यं शांत होतात, नुसता जहाजाच्या लाकडाचा कुरकुर आवाज येतो आणि एक माणूस घोगऱ्या आवाजात कविता म्हणतो, तिथेच खटॅक! मग कॅसेट उलटी करायची आणि मागच्या बाजूला उरलेलं गाणं. आमच्या पाचही कॉप्यांमध्ये ते जहाज तिथेच अडकलेलं होतं आणि गाणं असंच असतं अशी आमची सवय झाली होती.

मेटॅलिकाचा तो काळ्या कव्हरचा अल्बम ऑगस्ट १९९१ मध्ये आला तेव्हा आमची सहामाही जवळ आलेली. तो सगळ्यांनाच आवडला, अगदी रोमँटिक हिंदी गाणी ऐकणाऱ्यांना पण, म्हणून आम्हाला जरा कमी आवडला (हे आज पण ग्रुपवर पेटतं, मी त्यात पडत नाही, पण १९८८ चा 'अँड जस्टिस फॉर ऑल' त्यापेक्षा भारी आहे आणि विषय संपला). 'जस्टिस'ची गंमत अशी की त्यात बेस गिटार जवळपास ऐकूच येत नाही, मिक्सिंगच तसं केलंय, जगभर लोक त्यावर अजून बोंबलतात. पण आम्हाला हे कुठून कळणार, आमच्यातल्या एकाने टेपचं हेड खराब झालं म्हणून ते स्पिरिटने घासघास घासलं, तरी बेस येईना, मग रिपेरवाल्याकडे नेला, त्याने उषा मंगेशकरांची कॅसेट लावून दाखवली, बेस एकदम खणखणीत. "तुमच्या कॅसेटमध्येच नाहीये हो," म्हणाला. बरोबर होतं त्याचं.

स्लेयरचा 'रेन इन ब्लड' हा तर सगळा मिळून एकोणतीस मिनिटांचा, मधल्या सुट्टीत डबा खाऊन ऐकून व्हायचा. अमेरिकेत म्हणे त्यांनी अख्खा अल्बम कॅसेटच्या दोन्ही बाजूंना छापला होता, म्हणजे उलटी करा, परत तेच. ही आयडिया आम्हाला फार थोर वाटली होती.

घरी काय व्हायचं ते वेगळं सांगायला नको. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन आईला विचारून गेल्या होत्या, "स्टोव्ह भडकलाय का हो तुमचा?" बाबा भीमसेन ऐकणारे, ते एकदा दारात उभे राहून शांतपणे पूर्ण सोलो ऐकून म्हणाले, "बोटं फिरतायत चांगली, पण समेवर येणार कधी?" आणि पेपर वाचायला निघून गेले. भांडले असते तर बरं झालं असतं.

आता शाळा. इंटरमिजिएटच्या तयारीचे दिवस, चित्रकलेच्या तासाला मी स्थिरचित्र सोडून ड्रॉइंग शीटच्या मागे पॉवरस्लेव्हचं कव्हर काढत होतो, मुद्दाम, सरांना दिसेल असं. म्हटलं आता कान पिळला जाणार, पालकांना बोलावणार, वर्गात आपलं नाव होणार. सर आले, चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं. मग माझी पेन्सिल घेतली आणि म्हणाले, "पायऱ्या चुकल्या. या सगळ्या रेषा मागे एका बिंदूला मिळायला हव्यात, तुझ्या तीन ठिकाणी पळतायत." आणि पट्टीने माझ्या सैतानी मंदिराचं पर्स्पेक्टिव्ह दुरुस्त करून दिलं! वर बँडचं नाव होतं, त्यावर बोट ठेवून, "हे अक्षर चांगलंय. बघ, काहींचे पाय ओळीच्या खाली उतरतात, पण जाडी कुठे बदलत नाही. अक्षरलेखनाला अशीच शिस्त लागते." शिस्त. मेडनच्या लोगोला शिस्त म्हणाले. बाकी मंडळी मागच्या बाकावर माझ्याकडे गद्दार असल्यासारखी बघत होती. इंटरमिजिएटला बी ग्रेड आली, ते जाऊ दे.

दुसरा घाव इंग्रजीच्या बाईंनी घातला. काकाच्या कॅसेटमध्ये घडी केलेला गाण्यांचा कागद होता, तो मी निबंधाच्या वहीत मागच्या पानांपासून सुवाच्य अक्षरात उतरवून काढलेला. वही तपासायला गेली ती तशीच गेली. बाईंनी तासाला मला उभं केलं आणि त्यातल्या काही ओळी वाचल्या, त्याच, कुरकुर आवाजावर म्हटलेल्या. "हे काय आहे?" म्हटलं, गाणं आहे बाई, रॉक. मी मान ताठ करून म्हटलं हं. बाई हसल्या. "अरे ही कोलरिजची कविता आहे. १७९८ ची. गाण्यात घेतली का कोणी? छान."

१७९८. म्हणजे आमचं सगळ्यात खतरनाक गाणं पेशवाईतलं निघालं.

पुढच्या तासाला बाई पुस्तक घेऊन आल्या आणि सिलॅबस बाजूला ठेवून ती गोष्ट सांगितली. एक म्हातारा खलाशी लग्नाला चाललेल्या पाहुण्याला रस्त्यात अडवतो आणि सांगत बसतो, की मी काही कारण नसताना अल्बट्रॉस पक्षी मारला, मग वारा पडला, जहाज समुद्रात जागच्या जागी उभं राहिलं, चहूकडे पाणी पण प्यायला थेंब नाही, तो मेलेला पक्षी माझ्या गळ्यात बांधला, आणि एकेक करत सगळे खलाशी मेले, मी एकटा उरलो. वर्ग चिडीचूप. मुली पण ऐकत होत्या, हे आमच्यासाठी नवीन होतं. बेंचपार्टनर हळूच म्हणाला, जहाज तिथे थांबतं ते बरोबरच आहे मग, आपली कॅसेट बरोबर ठिकाणी तुटते.

तर अशी ही शाळा. एकटे पीटीचे सर काय ते आमच्या बाजूचे, त्यांनी मानेवर आलेले केस बघून ग्राउंडवरच कात्री मागवली. त्या दिवशी कुठे आम्हाला बंडखोर असल्यासारखं वाटलं.

दहावीनंतर पांगापांग झाली, पण रंगभवनला मात्र सगळे जायचो. धोबी तलावचं ते उघड्यावरचं थिएटर, १९८६ पासून तिथे इंडिपेंडन्स रॉक भरायचं, आपल्याकडचेच बँड, घामेजलेली काळे टी-शर्टवाली पोरं, आणि आम्ही डोंबिवलीचे घड्याळाकडे बघत, कारण शेवटची गाडी चुकली तर व्हीटीच्या बाकड्यावर रात्र. पुढे सायलेन्स झोनच्या नियमांमध्ये रंगभवनच गप्प झालं. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ ला बंद झालं, तिथे पण आम्ही विकत कमी घेतलं आणि कव्हरं जास्त बघितली.

मेडन पहिल्यांदा भारतात आलं ते २००७ ला बंगलोरला, तेव्हा मला रजा मिळाली नाही. पण १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत, बीकेसीच्या मैदानावर, त्यांच्या वर्ल्ड टूरचा पहिलाच शो. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन हा स्वतः पायलट, त्या टूरला बोइंग ७५७ त्याने स्वतः उडवत बँड आणि सगळं सामान जगभर नेलं. स्टेज पूर्ण इजिप्तचं, पॉवरस्लेव्हचंच! बेंचपार्टनर आता टक्कल आणि बीपीच्या गोळीसकट शेजारी. आणि त्यांनी ते गाणं वाजवलं, पूर्ण. धूर, निळा अंधार, लाकडाचा कुरकुर आवाज, घोगऱ्या आवाजातली कविता... आणि आम्ही दोघं खटॅकची वाट बघतोय. ते आलं नाही. जहाज चालायला लागलं, ड्रम्स उठले, आणि हा माणूस हजारो लोकांत माझ्या कानात ओरडतो, "बाईंना फोन लाव रे!" लावला. बाई तेव्हा रिटायर होऊन पुण्याला होत्या. त्यांना काही म्हणजे काही ऐकू आलं नसणार, पण म्हणाल्या, "कोलरिज का? चालू दे, चालू दे."

आता महोत्सवाच्या कार्यक्रमात १९९२ च्या बॅचला पाच मिनिटं दिलीत. आमच्यातल्या एकाचा मुलगा गिटार चांगली वाजवतो, एकाची मुलगी ड्रम्स शिकते, कविता मी म्हणायला तयार आहे, बाईंनी पुण्याहून यायचं कबूल केलंय. पण गाणं पावणेचौदा मिनिटांचं आहे आणि यावेळी मध्यात तोडणार नाही म्हणजे नाही. कार्यक्रम समितीने कृपया विचार करावा, वाटल्यास आमच्या वाटची मनोगतं रद्द करावीत.