तुम्ही विचारलंत म्हणून: सासरच्या पाद्रीबुवांचं मला काय पडलंय

"अगं, तुझा ना तो धर्म, ना ते रक्त, मग नवऱ्याच्या पणजोबांचं तू कशाला उकरत बसतेस?" पुण्यातल्या मावशीपासून इथल्या गणपतीत भेटणाऱ्या काकूंपर्यंत सगळ्यांचं हे विचारून झालंय. मी दरवेळी "छंद आहे हो" म्हणून विषय बदलते. आता एकदाच सांगते.

जर्मन माणसाशी लग्न करून मी जर्मनीत आले वगैरे तुम्हाला माहितीये, ते सोडून देते. नवऱ्याचे पणजोबा जर्मनीतल्याच थुरिंगिया प्रांतातल्या एका गावात लुथेरन पाद्री होते, म्हणजे मार्टिन लुथरच्या प्रोटेस्टंट पंथाचे, दुसरं महायुद्ध संपेपर्यंत तिथेच. सुरुवातीला खरंच नुसती मजा होती. पाद्र्याचं घराणं शोधणं फार सोपं असतं, कारण खुद्द लुथरनेच 1525 मध्ये मठ सोडून आलेल्या एका ननशी लग्न केलं, तेव्हापासून पाद्र्यांना बायकामुलं, मुलगा पाद्री, मुलगी दुसऱ्या पाद्र्याला दिलेली, आणि त्यांचे जिल्हावार चरित्रकोशसुद्धा छापलेत. शिवाय गावातला प्रत्येक बाप्तिस्मा, लग्न, दफन चर्चच्या पुस्तकात लिहायचं काम पाद्र्याचंच. देशभर सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली 1876 मध्ये, त्याआधीचा माणूस शोधायचा तर बहुतेक ठिकाणी हीच पुस्तकं. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडे वह्या असतात ना, तसंच. फक्त लिपी कुर्रेंट, म्हणजे जर्मनची जुनी हाताने लिहायची लिपी, तिच्यात ई आणि एन जवळजवळ सारखेच दिसतात. आजोबा मोडी शिकवायला बोलवायचे तेव्हा मी पळून जायचे, आणि इथे चाळिशीत रात्री जागून कुर्रेंट गिरवत बसले.

पणजोबांचं अक्षर मला आवडायचं, हे कबूल करते. त्यांची प्रवचनं, आजेसासूबाईंना लिहिलेली पत्रं, सगळं मी वाचलंय. बारीक, उजवीकडे झुकलेलं, खाडाखोड नाही. नवऱ्याच्या आत्याने, म्हणजे टांटेने, तो खोका माझ्या हवाली केला तेव्हा म्हणाली होती की आमच्या मुलांना वाचता येत नाही, तू वाच.

मग मी त्यांच्याच गावचं 1840 च्या दशकातलं बाप्तिस्म्याचं पुस्तक बघत होते, दुसऱ्याच कोणासाठी. एका पानावर एका विशीतल्या मुलीचा बाप्तिस्मा. मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा म्हणून मी थांबले. नोंदीत सरळ लिहिलंय, बाप ज्यू व्यापारी, मुलगी धर्मांतरित, पुढे गावातल्याच एकाशी लग्न. आणि कडेच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने, नंतरच्या काळात, एक ओळ: उतारा दिला, 1936. खाली सही नव्हती, पण सही लागतेच कुठे, ते अक्षर मी झोपेतही ओळखीन.

ज्यांना संदर्भ लागला नसेल त्यांच्यासाठी. हिटलरच्या नाझी सरकारने एप्रिल 1933 मध्ये केलेल्या कायद्यानंतर मास्तर, कारकून, सरकारी नोकर सगळ्यांना आपण "आर्य" आहोत, म्हणजे घराण्यात ज्यू नाहीत, हे आजी-आजोबांपर्यंत दाखवावं लागायचं, एसएस या नाझी निमलष्करी दलाच्या अधिकाऱ्यांना तर 1750 पर्यंत. 1935 च्या न्यूरेम्बर्ग कायद्यात माणूस ज्यू की नाही हे त्याच्या आजी-आजोबांच्या धर्मावरून ठरायला लागलं, तो स्वतः ख्रिश्चन असला तरी. आणि आजी कुठल्या धर्माची होती हे लिहिलेलं कुठे? चर्चच्या पुस्तकात. देशभरचे पाद्री बसून उतारे काढून, शिक्का मारून देत होते. बर्लिनमध्ये तर चर्चनेच खास कचेरी काढली, बाप्तिस्मा घेतलेले ज्यू शोधायला, आणि ती चालवणारा कार्ल थेमेल हाही पाद्रीच.

तर हा उतारा कोणासाठी होता? त्या मुलीचा नातू किंवा नात असणार, 1936 मध्ये दुसऱ्या कोणाला लागेल? पुढे काय झालं ते मी शोधतेय. हेच ते "उकरणं".

टांटे म्हणाली, उतारा मागितला तर द्यावाच लागायचा, पणजोबा कधी नाझी पक्षात नव्हते. खरंय. गेल्या ख्रिसमसला घरच्यांसाठी मी जी छोटी पुस्तिका केली तिच्यात मीच तसं लिहिलंय, "राजकारणापासून दूर राहिले", आणि लिहिताना मला ते वाक्य छान वाटलं होतं. दूर राहिले म्हणजे काय केलं? थुरिंगियाच्या चर्चने 1939 च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंनाच चर्चमधून बाद केलं, पणजोबा त्याच चर्चच्या पगारावर होते. नोंद सापडत नाही असं लिहून पाठवता आलं असतं की. पण मग वाटतं, त्या माणसाने स्वतःच मागितला असेल उतारा, नोकरी वाचेल या आशेने, आणि नाही दिला असता तर? हे मी स्वतःशीच इतक्या वेळा भांडलेय की नवरा म्हणतो, बस कर आता.

आणि एक खरं सांगू? आपल्याकडचा कुलवृत्तांत करत नाहीस का, असंही विचारता तुम्ही. तो झालाय छापून. त्यात माझ्या नावापुढे शिक्षण आहे, नोकरी आहे, नवऱ्याच्या नावाची जागा रिकामी आहे. वडिलांनी फॉर्ममध्ये भरलं होतं, मला माहितीये. छापणाऱ्यांनी गाळलं. त्यामुळे कोणाला नोंदीत घेतलं आणि कोणाला नाही, यात माझं रक्त गुंतलेलं नाही असं मला म्हणू नका.

सासरचं मला काही पडलं नसतं तर बरं झालं असतं. टांटे हल्ली फोटो पाठवत नाही. पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत ते कडेचं वाक्य फोटोसकट घालायचं की नाही यावर घरात एकमत नाही, नणंद म्हणते एका पेन्सिलीच्या ओळीवरून माणसाला आरोपी करू नकोस, आणि तिचं बोलणं मला खोडून काढता येत नाहीये. "राजकारणापासून दूर" मात्र मी कापलंय, त्या जागी काय लिहायचं ते ठरलं नाही म्हणून छपाई अडली आहे.