सोळा टनाचं मशीन, चौदा टनाची कॉइल

भाच्याने फोर्कलिफ्टचा कोर्स केला, सर्टिफिकेटचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला आणि खाली लिहिलं, "मामा आता तुमच्याकडं मोठ्या मशीनवर लावा मला." मी नुसता अंगठा पाठवला. उत्तर टाइप करायला घेतलं असतं तर तासभर गेला असता, म्हणून इथंच लिहितोय, त्याला लिंक पाठवीन.

मी तळोजा एमआयडीसीत स्टीलच्या गोडाऊनला डिस्पॅच बघतो. ऑपरेटर नाही हे आधीच सांगतो. तीन टनी, म्हणजे तीन टन उचलणारी फोर्कलिफ्ट, चालवतो बऱ्यापैकी, सोळा टनीवर आयुष्यात एकदाच बसलोय आणि उतरल्यावर पाय लटपटत होते. आमच्याकडं ते मशीन अण्णा चालवतात, करमाळ्याकडचे, तरुणपणी कारखान्यावर उसाच्या ट्रॅक्टरला मागं दोन ट्रॉल्या जोडून चालवायचे, त्यामुळं मागून येणारी वळणं त्यांच्या अंगातच आहेत.

कारण फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते, हे कारवाल्या माणसाच्या डोक्यात लवकर शिरत नाही. स्टेअरिंग डावीकडं फिरवलं की पुढचं तोंड डावीकडं जातंच, पण त्याच्याआधी शेपूट उजवीकडं फेकली जाते, आणि त्या शेपटीत पुढच्या लोडला तोलायला काही टनांचं वजन, काउंटरवेट, बसवलेलं असतं, ती ज्या खांबाला लागेल तो खांब वाकतो. आमच्या शेडचा तिसरा खांब बघायला या कधी. (तो मी नाही वाकवला, मी चौथा नुसता घासलाय.)

आणि चार चाकं दिसतात म्हणून गाडी चार पायांवर उभी आहे असं वाटतं, तसं नसतं. मागचा ॲक्सल मधोमध एका पिनवर झुलता असतो, म्हणजे हिशोबाला पाय तीनच, पुढची दोन चाकं आणि मागची ती पिन. वजनाचा मध्य या त्रिकोणात आहे तोवर सगळं ठीक, तो बाहेर गेला की गाडी कलंडते, मग ती तीन टनी असो नाहीतर पंचवीस टनी. लोड वर उचलून वळण घेतलं की मध्यही वर जातो आणि जरासा धक्का पुरतो, म्हणून चालताना लोड जमिनीपासून वीतभरच वर, मास्ट, म्हणजे पुढचा उचलणारा खांब, मागं टेकलेला. आणि गाडी कलंडायला लागली तर उडी मारायची नाही. बेल्ट लावलेला हवा, स्टेअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि पडणाऱ्या बाजूच्या उलट झुकायचं. उडी मारणारा नेमका डोक्यावरच्या त्या लोखंडी पिंजऱ्याखाली सापडतो.

आता कॉइल म्हणजे काय चीज आहे ते सांगतो. सव्वा मीटर रुंद, दीड मीटर व्यासाची एचआर कॉइल, म्हणजे गरम लाटलेल्या पोलादी पत्र्याची गुंडाळी, मधलं भोक 610 मिलिमीटरचं, ती भरते साधारण साडेचौदा टन. तिला फोर्क, म्हणजे पुढची लोखंडी पाती, लावत नाही, फोर्क काढून जाड लोखंडी दांडा बसवतो, आम्ही रॅम म्हणतो, तो भोकात सरळ घालायचा आणि वरच्या बाजूला टेकवून उचलायचं. भोकाची कड चेपली तर आतले चार-पाच वेढे भंगारात आणि गिऱ्हाइकाचा फोन मला. अण्णांचा डावा हात स्टेअरिंगच्या गुंडीवर, उजवा लिव्हरांवर, आणि डावा पाय इंचिंग पेडलवर. खरी कला त्या पेडलात आहे. ते दाबलं की इंजिनाचा जोर चाकांकडं कमी जातो आणि हायड्रॉलिकला पूर्ण मिळतो, म्हणजे गाडी मुंगीच्या चालीनं पुढं सरकते आणि रॅम त्याच वेळी वर येतो. नवीन पोरगं पेडल सोडतं आणि रॅम कॉइलच्या पोटात ठोकतं, आवाज सगळ्या शेडला ऐकू येतो.

एकदा उचलली की समोरचं काहीच दिसत नाही, दीड मीटरची काळी भिंत तोंडासमोर. मग सगळा प्रवास रिव्हर्समध्ये. अण्णा दिवसातला अर्धा वेळ मान वळवून बसतात, घरी जाऊन पहिलं काम मानेला बाम. उतारावरही तेच, लोड असेल तर चढाला पुढून जायचं, उतरताना उलटं उतरायचं, लोडचं तोंड कायम चढाकडं. रिकामी असेल तर बरोबर उलट. हे कोर्सात शिकवतात, पण अकरा वाजताच्या उन्हात सहा ट्रेलर लाइनीत असताना आठवावं लागतं, ते कोर्सात नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यात माझी चूक आहे. मार्च एंड होता, टार्गेट होतं, संध्याकाळी शेवटचा ट्रेलर उभा, आणि शेडमधली ओव्हरहेड क्रेन दुपारपासून बंद पडलेली. कॉइलच्या टॅगवर 14.2 टन. मशीन सोळा टनी. मी म्हणालो, "अण्णा, सोळाचं मशीन आहे, चौदाची कॉइल आहे, दोन टन शिल्लक आहेत अजून, लावून टाका." अण्णा काही बोलले नाहीत, टेप मागितली. कॉइलची रुंदी मोजली, दीड मीटर. मग मला हाताला धरून सीटशेजारच्या पत्र्याच्या प्लेटकडं नेलं, मी त्या प्लेटवरून चार वर्षं नुसती धूळ पुसलेली बघितली होती.

प्लेटवर सोळा टन लिहिलेलं होतं ते 600 मिलिमीटर लोड सेंटरला. म्हणजे लोडच्या वजनाचा मध्य फोर्कच्या उभ्या पाठीपासून 600 वर असेल तर सोळा. सव्वा मीटरच्या कॉइलचा मध्य येतो 625 वर, दीड मीटरवालीचा 750 वर. सी-सॉवर पोरगं टोकाला सरकलं की जड होतं तसंच. त्यात रॅमचं स्वतःचं वजन. खाली दुसऱ्या ओळीत रॅमसकट 750 ला आकडा होता साडेतेरा. साडेतेरा आणि चौदा पॉइंट दोन, सातशे किलोचा फरक, आणि मी दोन टन शिल्लक धरून बसलेलो.

मी तरी म्हणालोच, लाज वाटते आता, "थोडंच तर जास्त आहे, हळू घ्या ना." अण्णा म्हणाले, "साहेब, मागचं चाक जमीन धरतंय का नाही ते आमच्या बुडाला कळतं. कळेपर्यंत थांबायचं नसतंय." किल्ली काढली, खिशात घातली, रॅम जमिनीला टेकवलेला होता, हँडब्रेक ओढला आणि चहाला गेले. मी वर फोन लावला, शिव्या खाल्ल्या, ट्रेलरवाल्याला हॉल्टिंगचे पैसे द्यावे लागले. दुसऱ्या दिवशी दहाला क्रेन चालू झाली आणि कॉइल गेली. कोणी अण्णांना शाबासकी दिली नाही, उलट मीटिंगमध्ये "ऑपरेटर ॲडजस्ट करत नाहीत" असं एकजण बोलला. त्या वेळी मी गप्प बसलो, तेही लिहून ठेवतो.

तर भाच्या, सर्टिफिकेट छान आहे, लॅमिनेट करून ठेव. पण अण्णांची परीक्षा वेगळी आहे, मी तीन टनीवर तीनदा नापास झालोय. दोनशे लिटरचा ड्रम, वरचं झाकण कापलेलं, जवळजवळ काठोकाठ पाण्यानं भरून पॅलेटवर ठेवतात आणि शेडला एक चक्कर मारायला लावतात. ब्रेक जोरात मारला की पाणी बाहेर, वळणावर घाई केली की पाणी बाहेर. मग खाली किती सांडलं ते ते चपलेनं मोजतात. सोळा टनीचं नाव त्याच्यानंतर काढायचं.

रविवारी ये, अण्णांना विचारून ठेवलंय. सेफ्टी शूज आण, आणि पँटचा दुसरा जोड.