आबांचा पंप मे महिन्यात

यावल तालुक्यात आमचा केळीचा मळा आहे. विहिरीवर आबांनी सोलर पंप बसवलाय. मे महिन्यात घरी गेले, तर बॅग खाली ठेवायच्या आत आबांनी विचारलं, "ऊन एवढं तापलं, तं पानी फेब्रुवारीपेक्षा कमी कसं?"

विहिरीची पातळी खाली गेली होती, हे एक कारण. दुसरं मी दुपारी पॅनलच्या पाठीला हात लावून शोधलं आणि हात लगेच मागे घेतला. मोजलं तर ६८ अंश. पॅनलवर छापलेली क्षमता २५ अंशांची असते. त्यापुढे दर अंशाला सिलिकॉनची साधारण ०.३५ टक्के वीज घटते. म्हणजे ऐन उन्हात १५ टक्के गेलीच.

मी टँडम सेलवर, म्हणजे एकावर एक दोन थर असलेल्या सोलर सेलवर, काम करते, म्हणून हा प्रश्न मनातून गेला नाही. निळ्या किरणात सिलिकॉनला लागते त्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते, आणि उरलेली उष्णता होऊन जाते. वर पेरोव्हस्काइट या वेगळ्या स्फटिकी पदार्थाचा पातळ थर दिला की निळा-हिरवा प्रकाश तो जास्त व्होल्टेजवर वापरतो, तांबडा आणि अवरक्त खाली सिलिकॉनकडे सोडतो. प्रकाशातून वीज करण्याची एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा २९.४ टक्के. टँडमने प्रयोगशाळेत ३४ ओलांडलेत.

पण दोन्ही थर एकामागे एक जोडलेले असतात. ज्याचा प्रवाह कमी, तो दुसऱ्यालाही अडवतो. दोघांचा प्रवाह जुळावा म्हणून वरच्या थराचा बँडगॅप, म्हणजे प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा, १.६८ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास ठेवतात. हा मेळ २५ अंशांवरचा! तापल्यावर सिलिकॉनचा बँडगॅप आकसतो, पेरोव्हस्काइटचा मात्र वाढतो. वरचा थर कमी प्रकाश घेतो आणि जुळवलेला मेळ बिघडतो. आपल्या उन्हासाठी बँडगॅप मुळातच थोडा कमी हवा. त्यासाठी पेरोव्हस्काइटच्या मिश्रणात आयोडाइड वाढवून ब्रोमाइड कमी घालायचं. त्यात आणखी एक फायदा: ब्रोमाइड जास्त असलं की प्रकाशात आयोडाइड आणि ब्रोमाइड वेगळे होऊ लागतात, तेही कमी होतं. मला हा उपाय फार आवडतो. विक्रमाच्या आकड्यापेक्षा भुसावळच्या मे महिन्यात काय मिळतं, ते मला हवंय.

आबांना हे वहीत काढून दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं आणि विचारलं, "किती वर्सं टिकीन?"

तिथेच खरी अडचण आहे. ओल आणि उष्णता, दोन्ही पेरोव्हस्काइटला सोसत नाहीत. पॅनलच्या चाचणीत ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास काढावे लागतात. आमचे नमुने अजून तिथवर पोचलेले नाहीत. कमी ब्रोमाइडची नवी बॅच सोमवारी आत जाईल.