किल्ली न दिलेलं यंत्र

टायटॅनिकच्या स्मृतिदिनाला काहीतरी वेगळं दे, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी निर्धास्त होते. खलनायक तयारच होता: जवळ असूनही मदतीला न गेलेल्या ‘कॅलिफोर्नियन’ या जहाजाचे कॅप्टन स्टॅन्ली लॉर्ड. दोन संध्याकाळींचं काम, असं वाटलं. पाच आठवडे गेले.

१९१२ च्या ब्रिटिश चौकशीत पंचवीस हजारांवर प्रश्न विचारले गेले. त्यातले ‘कॅलिफोर्नियन’वाल्यांचे वेगळे काढून मी वहीत रकाने आखले: वेळ, कोणी पाहिलं, कोणाला सांगितलं. पहिलाच घोळ घड्याळांचा, कारण दोन्ही जहाजांच्या वेळा जुळत नव्हत्या. दुसरा घोळ आमच्याच धंद्यातला. अर्नेस्ट गिल या खलाशानं बोस्टनच्या एका वर्तमानपत्राला, त्या रात्री दूरवर दिसलेल्या रॉकेटांची (संकटात जहाजावरून आकाशात सोडतात ती) हकिगत दिली, ५०० डॉलर घेऊन. ‘पैसे घेतले, म्हणजे तिखटमीठ लावलं असणार,’ असं मी समासात लिहिलं. मग सेकंड ऑफिसर स्टोन आणि शिकाऊ गिब्सन यांच्या साक्षी वाचल्या, रॉकेटं त्यांनीही पाहिली होती, आणि ती ओळ खोडली.

दोन जहाजांमधल्या अंतरावर मात्र अडकले. चौकशीचे प्रमुख लॉर्ड मर्सी यांच्या मते फार तर ८ ते १० मैल, कॅप्टन लॉर्ड यांच्या मते १९, १९९२ च्या ब्रिटिश अहवालात १७ ते २०. या वादावर लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. शेवटी आमच्या इमारतीतल्या काकांकडे गेले. ते मर्चंट नेव्हीतून चीफ ऑफिसर म्हणून निवृत्त झालेत. माझा नकाशा त्यांनी बाजूलाच सारला. “मैल राहू दे गं. बारा ते चारच्या वॉचवर, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीवर, कोण होतं, आणि त्यानं कॅप्टनला काय शब्दांत सांगितलं, तेवढं वाच.”

वाचलं. स्टोननं बोलायच्या नळीतून खाली झोपलेल्या कॅप्टनला रॉकेटांचं सांगितलं. कॅप्टननं विचारलं, कंपनीचे सिग्नल (जहाज कोणत्या कंपनीचं हे ओळखायच्या रंगीत खुणा) आहेत का? मोर्सच्या दिव्यानं विचारत राहा. दोन वाजून गेल्यावर गिब्सन खाली गेला: एकूण आठ रॉकेटं, सगळी पांढरी, आणि ते जहाज आता दिसत नाही. कॅप्टननं पुन्हा रंगाचीच खात्री करून घेतली आणि वेळ विचारली. चौकशीत ते म्हणाले, दार उघडून बंद झाल्याचं तेवढं आठवतं.

वायरलेस ऑपरेटर इव्हान्स साडेअकराच्या सुमारास झोपला होता. त्याआधी त्यानं बर्फाचा इशारा द्यायला टायटॅनिक गाठली, तर तिकडून ‘गप्प बस, कामात आहे’ असं उत्तर आलं. मध्यरात्रीनंतर थर्ड ऑफिसर ग्रोव्हज हौसेनं त्याच्या खोलीत डोकावला, हेडफोन कानाला लावला. काहीच ऐकू आलं नाही. यंत्राला घड्याळासारखी किल्ली द्यावी लागे. ती दिलेली नव्हती. टायटॅनिकच्या हाका सुरू झाल्या त्या याच सुमारास. इथे मी वही मिटून गच्चीवर जाऊन आले.

पहाटे पाचनंतर चीफ ऑफिसर स्टुअर्टनं इव्हान्सला उठवलं. काही मिनिटांत बातमी कळली. तोवर मदतीला आलेलं ‘कार्पेथिया’ जहाज होड्यांमधल्या लोकांना वर घेत होतं.

काकांना सगळं वाचून दाखवलं. “कॅप्टनला उठवायची भीती असते, ती मला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “पण या वायरलेसच्या पोराला उठवायला कसली?”

लेख छापून आला. किल्लीचा परिच्छेद जागेअभावी उडाला होता. कॅप्टन लॉर्ड यांचा फोटो मात्र तीन कॉलम होता.