रात्री गाडी कुठं उभी राहते?

दिवाळीत ताईकडं फोन लावला तर फराळाच्या गप्पा बाजूलाच राहिल्या आणि दाजींनी फोन हातात घेतला. "तुमच्या नॉर्वेत सगळे इलेक्ट्रिकच चालवायलेत म्हणे, मग आम्ही घ्यावी का नाही तेवढं सांग." दाजी राहायला परभणीत, शाळा जिंतूरला. रोज जाऊन-येऊन नव्वदच्या आसपास किलोमीटर, आणि पेट्रोल परभणीचं. परभणीचं पेट्रोल काय आहे ते तिकडच्यांना सांगायला नको, मनमाडच्या डेपोवरनं टँकर येणार म्हणजे त्याचं भाडं प्रत्येक लिटरमध्ये आलंच, म्हणून राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल बऱ्याचदा आपल्याकडंच.

मी ड्रामेनला राहतो, ऑफिस ओस्लोत, एका बाजूनं चाळीस किलोमीटर. म्हणजे माझा आणि दाजींचा रोजचा रस्ता जवळपास सारखाच, फक्त माझ्याकडं बर्फ आणि त्यांच्याकडं ऊन. चार वर्षांपासून मी सेकंडहँड इलेक्ट्रिक चालवतोय, चाळीस युनिटची बॅटरी, छोटी गाडी. त्यामुळं जे सांगतोय ते वापरून सांगतोय.

इथं 2024 मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास 89 टक्के पूर्ण इलेक्ट्रिक होत्या. हे काय एका रात्रीत झालेलं नाही. 1989 मध्ये इथला पॉप गायक मॉर्टन हार्केट आणि एक पर्यावरणवाला कार्यकर्ता फ्रेडरिक हाउगे यांनी बाहेरून एक इलेक्ट्रिक केलेली फियाट पांडा आणली आणि टोल न भरता नाक्यावरनं मुद्दाम पुन्हा पुन्हा नेली, गाडी जप्त झाली, लिलावात गेली, यांनीच परत घेतली. नंतर 1990 ला आयातकर गेला, 1997 ला टोल माफ झाला, 2001 ला व्हॅट गेला. आता गाड्या भरपूर झाल्यावर सवलती हळूहळू काढून घ्यायलेत, 2023 ला पाच लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर व्हॅट लावायला सुरुवात झाली. म्हणजे आधी तीसेक वर्षं सरकारनं दम धरला, मग लोक वळले. आपल्याकडं गाडीवर 5 टक्के जीएसटी आहे आणि राज्याच्या 2025 च्या धोरणात समृद्धीवर इलेक्ट्रिकला टोलमाफी लिहिलीय, सुरुवात म्हणून हे चांगलंच आहे.

पण दाजींचा पहिला प्रश्न तोच जो सगळ्यांचा असतो. एका चार्जिंगमध्ये किती जाते? मी म्हणलं दाजी, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की रात्री गाडी कुठं उभी राहते आणि तिथं सॉकेट आहे का. मोबाइल जसा झोपताना लावतो आणि सकाळी भरलेला मिळतो तसंच आहे हे, रोज रात्री लावायची, सकाळी निघायचं, पंपाचं तोंड बघायचं काम नाही. चार वर्षांत माझं नव्वद टक्के चार्जिंग घरीच झालंय. ज्याला ही सोय नाही, गाडी रस्त्यावर उभी करावी लागते, त्याला मी आज तरी घेऊ नका म्हणेन, मग तो ओस्लोत असो का पुण्यात. इथं फ्लॅटवाल्यांसाठी कायदाच आहे, सोसायटीला सबळ कारण असल्याशिवाय चार्जिंग पॉइंटला नाही म्हणता येत नाही. आणि इथंच मला आपल्या गावांचं वेगळेपण दिसतं. परभणी, हिंगोली, जालना, सेलू, कितीतरी घरांना स्वतःचं कंपाउंड आहे, पुढं जागा आहे, गाडी गेटच्या आत उभी राहते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्यापेक्षा आपला माणूस या गाडीला जास्त लायक आहे, हे कुणी बोलतच नाही.

मग हिशोब मांडला. नव्वद किलोमीटरला एका युनिटमागं सात किलोमीटर धरले तर तेरा युनिट. पंधरा अँपियरच्या साध्या सॉकेटवर तासाला तीन-सव्वातीन युनिट जातात, म्हणजे चार-साडेचार तास. पेट्रोलला अठराचं ॲव्हरेज धरलं तर पाच लिटर, रोजचे पाचशेच्या वर. विजेचे बारा रुपयांनी धरले तरी दीडशे-एकशेसाठ. महिन्याला पंचवीस दिवस शाळा म्हणजे आठ-नऊ हजार वाचतात. गाडी पेट्रोलवाल्यापेक्षा तीन-चार लाखांनी महाग पडते, ते तीन-चार वर्षांत निघतात. पण हे नव्वद किलोमीटरवाल्याचं गणित आहे हां, जो बाजार आणि लग्नसराईपुरती गाडी काढतो, दिवसाला दहा किलोमीटर, त्याचे पैसे निघणार नाहीत, त्यानं आहे ती पेट्रोलच चालवावी असं मला मनापासून वाटतं.

एक खोच आहे. महिन्याला सव्वातीनशे युनिट घरच्या मीटरवर वाढले की स्लॅब वर सरकतो आणि बिल बघून माणूस दचकतो. त्याला उपाय छतावर आहे, तीन किलोवॅटचं सोलर आपल्याकडच्या उन्हात दिवसाला बाराच्या आसपास युनिट देतं, सूर्यघर योजनेत 78,000 पर्यंत अनुदान आहे, आणि नेट मीटरिंगमध्ये दिवसा ग्रीडला दिलेली वीज रात्रीच्या वापरातनं वजा होते. बारा युनिट छतावर, तेरा गाडीला! ज्या उन्हानं आपण हैराण असतो त्यावर जिंतूर होऊन यायचं, यासारखी गोष्ट नाही. इथं वीज जवळपास सगळी पाण्यावर, डोंगरातनं पडणाऱ्या. आपल्याकडं कोळशावर, आणि त्या कोळशाच्या केंद्रालाही पाणी लागतं, 2013 ला आणि परत 2015 ला परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं हे मी विसरलेलो नाही. म्हणून मराठवाड्यात इलेक्ट्रिक गाडी म्हणलं की माझ्या डोक्यात आधी सोलर येतं.

आता लांबच्या प्रवासाचं, ते खरं खरंच सांगतो. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही यायलोला निघालो, हालिंगदालच्या खोऱ्यातनं, दोनशे किलोमीटर. बाहेर उणे सतरा. उन्हाळ्यात अडीचशे जाणारी गाडी त्या दिवशी दीडशेलाच दमली, कारण बॅटरी गार आणि हिटर सारखा चालू. गूलला पोचलो तर चार चार्जरपैकी एक बंद आणि पुढं तीन गाड्या. पंचावन्न मिनिटं थांबलो. बॅटरी वाचावी म्हणून हिटर बंद करून नुसत्या सीट गरम ठेवल्या, काचा आतनं धुरकट झाल्या, बायकोनं डब्यातले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि पोरगी माझ्या जॅकेटच्या आत हात घालून बसली. नंबर आला तरी गार बॅटरी करंट घेईना, सुरुवातीला अगदी हळू. त्या दिवशी मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. तेव्हापासून पोचायच्या अर्धा तास आधी बॅटरी गरम करून घ्यायची आणि एका चार्जरच्या भरवशावर कधी निघायचं नाही, पुढचा चार्जर गाठेल एवढा साठा ठेवूनच निघायचं. ऐंशी टक्क्यांच्या पुढं चार्जिंग मंदावतं म्हणून ऐंशीलाच वायर काढायची.

दाजींना हे सांगितलं कारण परभणी-पुणे साडेतीनशेच्या आसपास आहे आणि मध्ये बीड. थंडीचा त्रास आपल्याला नाही, एसी हिटरएवढा खात नाही. पण त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीचं ऊन बॅटरीचं वय खातं, म्हणून गाडी सावलीत, लिंबाखाली उभी करायची, दुपारच्या कडक उन्हात शंभर टक्के भरून तशीच ठेवायची नाही, आणि लिक्विड कूलिंग असलेलीच, म्हणजे आत द्रव फिरवून गार ठेवलेली, बॅटरी घ्यायची. चार्जर आपल्याकडं अजून विरळ आहेत, लांबचा प्रवास वर्षातनं चार वेळा असेल तर वेळ हाताशी ठेवून करा, महिन्यातनं चार वेळा असेल तर थांबा.

दाजींनी सगळं ऐकलं आणि शेवटी विचारलं, मग आधी काय करू? मी म्हणलं गाडी बघायला जाऊ नका, आधी वायरमन बोलवा, अर्थिंग तपासा आणि मीटरचा लोड वाढवून घ्या.

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर दाखवलं त्यांनी. वायरमननं न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटर लावला तर बेचाळीस व्होल्ट. तो दाजींना म्हणाला, "सर, तुमच्या घराला अर्थिंगच नाही, नुसती वायर आहे." वीस वर्षं त्याच घरात फ्रीज, गिझर, बोअरची मोटर चालू आहे आणि कुणी कधी बघितलंच नाही. असल्या सॉकेटवर गाडीचा चार्जर लाल दिवा दाखवून चालूच होत नाही, आणि नाही झाला ते बरंच. मग गेटजवळ, पाण्याच्या टाकीच्या शेजारी खड्डा घेतला, तांब्याची पट्टी उभी सोडली, मीठ-कोळशाचे थर दिले आणि ताईनं त्यात चार बादल्या पाणी ओतलं. परत मीटर लावला तेव्हा आकडा दोनवर आला होता. "गिझर लावायची भीती वाटायची मला," ताई म्हणाली, "अधूनमधून नळाला हात लावला की झिणझिण्या यायच्या."

गाडी अजून घेतलेली नाही. दाजी उन्हाळ्याच्या सुट्टीत टेस्ट ड्राइव्ह घेणार आहेत, भर मे महिन्यात, दुपारी एक वाजता, एसी लावून, जिंतूरपर्यंत आणि परत. शोरूमवाल्याला तसं सांगूनही ठेवलंय त्यांनी.